मराठवाड्यातील डोंगरवाटांवरची देशी रानफुले आणि झाडे: कुठे, कधी आणि कशी पाहावीत?

कोरडवाहू (धागाकर्ती)

नमस्कार. छत्रपती संभाजीनगर शहरातील आम्ही काही कुटुंबे सुट्टीच्या दिवशी वेरूळ, खुलताबाद आणि म्हैसमाळ या पट्ट्यात पायी फिरतो. बरोबरची मुले वाटेवरच्या प्रत्येक फुलाचे नाव विचारतात, आणि मोबाइलमधील ॲपचा आधार घेतला की बहुतेक फुलांचे मूळ गाव मेक्सिको नाहीतर ब्राझील निघते. मराठवाड्याच्या डोंगरात मराठवाड्याचे म्हणावे असे काही उरले आहे की नाही, असा प्रश्न आता मुलेच विचारू लागली आहेत.

येथील जाणकारांनी कृपया सांगावे, की आपल्याकडील डोंगरांत मूळची रानफुले आणि झाडे नेमकी कोणत्या जागी शोधावीत, कोणत्या महिन्यात जावे आणि नवशिक्याने ती कशी ओळखावीत. एक विनंती आहे: कास पठाराचे दाखले नकोत. तिथला पाऊस वेगळा, तिथला जांभा वेगळा आणि आमच्या घरापासूनचे अंतर तर फारच वेगळे.

सातमाळा

ताई, ॲप खोटे सांगत नाही. तुम्ही जिथे पाहता, तिथे खरोखर तेच उगवलेले असते. घाणेरी हे झुडूप इंग्रजांनी १९व्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणून भारतात आणले. गाजरगवताची नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली आणि पुढे त्याने सगळे पडीक रान व्यापले. रानतुळस म्हणून आपण जिचा वास घेतो ती उग्र वासाची वनस्पतीही अमेरिकेतलीच. आणि जखमेवर ज्याचा पाला चोळून लावतात तो दगडीपालासुद्धा मध्य अमेरिकेतून आलेला आहे. अलीकडे रस्त्याच्या कडेने फुलणाऱ्या पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसपुढे उभे राहून लोक रानफुले म्हणून फोटो काढतात. तेही मेक्सिकोचेच. यातील बहुतेकांना गुरे तोंड लावत नाहीत. वाटेच्या दोन्ही बाजूंना जनावरांची वर्दळ जास्त, त्यामुळे खाण्याजोगे देशी रोप तिथे टिकत नाही आणि न खाण्याजोगे उपरे झुडूप माजते.

म्हणून नजर वाटेच्या कडेवर ठेवू नका, डोंगराच्या पायऱ्यांवर ठेवा. आपले डोंगर लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचे आहेत, त्यामुळे दुरून पाहिले तरी आडव्या पट्ट्या स्पष्ट दिसतात: एक उभा कडा, मग एक सपाट धार, पुन्हा कडा, पुन्हा धार. या प्रत्येक भागाची वनस्पती निराळी असते. सपाट धारेवर माती वीतभरच असते, तिथे गवत आणि पावसाळी कंद येतात. कड्याच्या भेगांत सालई आणि कांडोळ मुळे रोवून उभे राहतात. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातकट दगडाचा पट्टा लागतो, त्याच्या वरच्या अंगाने पाणी पाझरते आणि पावसाळा संपल्यावरही काही आठवडे तिथे ओल राहते, म्हणून नेचे आणि तेरडा त्या रेघेवर ओळीने दिसतात. खाली घळीत उतरलात की उंबर, करंज, जांभूळ आणि अर्जुन. एकच डोंगर नीट पाहिला तरी पुरतो.

जागा विचाराल तर कन्नडजवळचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. १९८६ साली घोषित झालेले हे सुमारे २६० चौरस किलोमीटरचे जंगल संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. केदारकुंड, सीताखोरी आणि पितळखोऱ्याची लेणी या तीनही बाजूंनी वर सांगितलेल्या पायऱ्या जवळून पाहता येतात, आणि पितळखोऱ्यात तर वरच्या पठारावरून थेट घळीत उतरत असल्यामुळे माळावरच्या गवतापासून ओढ्याकाठच्या झाडांपर्यंतचा सगळा क्रम एका सकाळीच डोळ्यांखालून जातो.

रानमेवा

सातमाळा यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु या हिशेबाने आमच्या बीडच्या डोंगरात काहीच देशी उरणार नाही, कारण बालाघाटाच्या उतारांवर कोणी न लावता उगवणारे सीताफळही अमेरिकेतलेच निघते. याच सीताफळाला बीडच्या नावाने २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. धारूरच्या घाटात दिवाळीच्या आधी बायाबापड्या टोपल्या घेऊन बसतात, त्यांच्या घरचा सण त्या टोपलीवर होतो. त्याला उपरे म्हणायला माझी जीभ धजत नाही. चिंचही आफ्रिकेची आणि देवळापुढचा चाफाही अमेरिकेचा, मग कोणाकोणाला गावाबाहेर काढणार?

सातमाळा

कोणालाही काढायचे नाही. मुलांना मूळचे काय ते दाखवायचे आहे, एवढाच या धाग्याचा विषय आहे. पण सीताफळ आणि घाणेरी यांना एका पंगतीला बसवणे मला मान्य नाही. सीताफळाच्या झुडपाखाली गवत येते, मुसळी येते, त्याच्या आधाराने वेल चढतात. घाणेरीच्या जाळीत शिरून पाहा, खाली उघडी माती आणि काटक्या सापडतील. वनस्पती कोठून आली यापेक्षा ती शेजाऱ्याला जगू देते की नाही, हे मी आधी पाहतो.

बालाघाटी

मी धाराशिवकडचा. येडशीजवळील रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर, पण गौताळ्याला जाणे ज्यांना दूर पडते त्यांच्यासाठी ते पुरेसे समृद्ध आहे. दरीत रामलिंगाचे देवस्थान आहे, रावणाशी झुंजून जटायू इथेच पडला अशी या भागातील श्रद्धा आहे, त्यामुळे श्रावणात गर्दी फार असते. फुले पाहायची असतील तर श्रावणी सोमवार टाळावा, किंवा अगदी पहाटे जावे.

पावसाळी फुलांचा क्रम सांगतो. मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, की सपाट धारेवर काळी मुसळी उगवते: जमिनीला चिकटून आलेले, सहा पाकळ्यांचे, बोटाच्या पेराएवढे पिवळे फूल, जे चालताना हमखास पायाखाली जाते. त्याच सुमारास पांढरी मुसळी तिच्या उभ्या दांड्यावर फुलते. जुलैपासून निळा केना आणि जांभळी नभाळी, ओल्या कातळाच्या कडेला तेरडा. ऑगस्टमध्ये मात्र सगळे सोडून कळलावी शोधावी.

कळलावीपाशी मुलांना अर्धा तास बसवा, त्या अर्ध्या तासात ती जे शिकतील ते कोणतेही ॲप शिकवणार नाही. आधी पान पाहावे, पानाचे टोकच लांब होऊन गुंडाळी झालेले असते आणि त्या गुंडाळीने वेल शेजारच्या झुडपाला धरून वर चढतो. फूल खाली मान घालून असते, परंतु त्याच्या सहा नागमोडी पाकळ्या उलट्या वळून आभाळाकडे जातात. उमलताना त्या हिरवट पिवळ्या असतात, मग टोकाकडून तांबड्या होऊ लागतात आणि शेवटी संपूर्ण लाल. एकाच वेलावर तिन्ही रंगांची फुले असतात, ती तीन जातींची वाटू नयेत. पाकळ्या वर गेल्यामुळे पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे आडवे पसरलेले दिसतात आणि स्त्रीकेसर तळाशीच काटकोनात वळून बाहेर आलेला असतो, त्यामुळे मधासाठी येणाऱ्या फुलपाखराचे पंख आधी एकाला आणि मग दुसऱ्याला घासतात. तिचा कंद जहाल विषारी असतो, तेव्हा मुलांना हात लावू देऊ नका.

दुसरे नवल म्हणजे कंदीलपुष्प, ज्याला गुराखी खरपुडी म्हणतात. बोरी-बाभळीच्या काटेरी जाळीत बारीक वेल असतो आणि फूल पेराएवढे, म्हणून ते सहसा दिसतच नाही. तळाशी फुगीर, वर नळी आणि पाच पाकळ्यांची टोके एकमेकांना जुळून झालेली जाळीदार टोपी, अशी त्याची रचना असते. वासाने ओढली गेलेली चिलटे नळीत शिरतात, पण नळीतील केस खालच्या दिशेने वळलेले असल्यामुळे त्यांना परत वर चढता येत नाही. पुढे ते केस सुकतात, चिलटे पराग घेऊन सुटतात आणि पुढच्या फुलात जाऊन पुन्हा अडकतात. खरपुडीचा कंद गुराखी पोरे खणून खातात, त्यामुळे गुरांच्या वाटेवर ती कमी आणि काट्यांच्या आत जास्त आढळते.

कोरडवाहू

सातमाळा काका आणि बालाघाटी, आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. पायऱ्यांची गोष्ट वाचून वेरूळच्या कड्याकडे आता वेगळ्या नजरेने पाहणे होईल. झाडांबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेले नाही. पावसाळ्यात सगळेच हिरवे असते, त्यामुळे कोणते झाड कोणते हे कळत नाही.

पैनगंगा

ज्या अडचणीबद्दल आपण लिहिले आहे, तिचे उत्तर सरळ आहे: झाडे पाहायला पावसाळ्यात जाऊच नये. मी किनवट-माहूर भागात वाढलो, आमच्याकडे झाडांची ओळख माघ-फाल्गुनात होते, कारण आपली जंगले पानगळीची आहेत. पाने गळाली की खोड, साल, फांद्यांची ठेवण आणि फूल एवढेच शिल्लक राहते, आणि त्यावरून झाड चुकत नाही.

कांडोळापासून सुरुवात करावी. कड्याच्या तोंडाशी, सहसा एकटेच, पांढुरक्या गुळगुळीत सालीचे एक झाड उभे असते, चांदण्या रात्री ते इतके उठून दिसते की त्याला भुत्या असेच नाव पडले आहे. साल कागदासारखी सुटते. त्याची पाच भागांची लाल फळे अतिशय देखणी असतात, मात्र त्यांच्यावरील बारीक केस हाताला टोचून आग होते. सालईची सालही पापुद्र्यांनी सुटते, पण ती हिरवट-करडी असते आणि डहाळी मोडताच धुपाचा वास येतो. हा वास एकदा नाकात बसला, की डोळे मिटूनही सालई ओळखता येते. धावड्याची पाने थंडीत तांबूस होतात, आणि बाळंतिणीच्या लाडवातला उत्तम डिंक त्याचाच, हे मुलांना सांगितले तर ती ते झाड विसरणार नाहीत.

लाल फुलांच्या तीन झाडांत लोक नेहमी गोंधळतात. पळसाला काटे नसतात, फूल केशरी आणि पोपटाच्या चोचीसारखे वळलेले, फुटण्याआधी मखमली काळपट कळ्या. पांगाऱ्याला काटे असतात, फुलांचा तुरा भडक लाल आणि फांदीच्या टोकाला जमलेला. काटेसावरीचे काटे खोडावर, बुंध्याशी जाड आणि वर निमुळते, तर फूल मोठे, पाच मांसल पाकळ्यांचे, आणि ते खाली पडते तेव्हा चक्क आवाज येतो. पाने फुटल्यावर पाहिलेत तर पळस आणि पांगारा दोघांनाही पाने तीनच, पण सावरीचे पान पंजासारखे पसरलेले असते. झुडपांत धायटीही याच दिवसांत लाल होते आणि तिच्यावर मधमाश्यांची गर्दी असते.

आमच्याकडे सागाचे जंगल मोठे आहे. साग मात्र पावसाळ्यातच फुलतो, त्याचे पांढरे तुरे ऑगस्टमध्ये डोंगरभर दिसतात. चैत्रात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि गोंड, कोलाम, आंध कुटुंबे टोपल्या घेऊन उजाडायच्या आत वेचायला जातात. त्यांच्या झाडांखाली जाऊन फोटोसाठी फुले तुडवू नयेत, एवढी समज पाहुण्यांनी ठेवावी. वैशाखात बहावा, मेडशिंग आणि कुडा. त्यापुढे ऊन सोसवत नाही.

कुसळ

मुरुडशेंग राहिली. सुतळीला पीळ द्यावा तशा तिच्या शेंगा सगळ्यांना ठाऊक असतात, पण फूल कोणी पाहत नाही. उमलते तेव्हा लाल, शिळे झाले की निळसर करडे. एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात.

कोरडवाहू

पैनगंगा, फेब्रुवारीत जाण्याचा विचार आमच्या डोक्यातही आला नव्हता, कारण त्या दिवसांत डोंगर वाळका दिसतो म्हणून आम्ही फिरणेच बंद ठेवत होतो. आणखी एक विचारते. वेरूळच्या लेण्यांवरून म्हैसमाळकडे चढत जाणारी पायवाट मुलांना जमण्यासारखी आहे. तिथे काय पाहता येईल? आणि कळलावी नेमकी कोणत्या वळणावर आहे, हे कोणी नकाशावर खूण करून दिले तर फार सोयीचे होईल.

सातमाळा

ती वाट चांगली आहे. म्हैसमाळच्या पठारावर उगम पावणारी येळगंगा वेरूळला एकोणतिसाव्या लेण्याजवळ धबधब्याने खाली येते, आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला गणेश लेणी आणि जोगेश्वरीच्या बाजूने ओढ्याच्या काठाकाठाने चालता येते. ओढ्यात उंबर आणि करंज पाहा, वर माळावर आल्यावर हिवर, आपटा आणि हिंगणबेट. पठारावर ग्लिरिसिडियाच्या लागवडीला जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी बहर येतो आणि लोक हुरळून जातात. ते झाड मध्य अमेरिकेतले, म्हणून त्याच्यापुढे थांबू नका. पाऊस जोरात असेल तर ओढ्याच्या पात्रात मुलांना उतरवू नये, पाणी अचानक वाढते.

बालाघाटी

नकाशावरील खुणेबद्दल मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. पांढरी मुसळी आणि कळलावी या दोन्हींच्या कंदांना औषधी बाजारात मागणी आहे. कंद खणून नेला की ते रोप कायमचे गेले, तोडलेल्या फांदीप्रमाणे ते पुन्हा फुटत नाही. अशा धाग्यांवर अक्षांश-रेखांश टाकले की पुढच्या पावसाळ्यात त्या जागी खड्डे दिसतात. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रोप उपटणे हा गुन्हा आहे, पण प्रत्येक उतारावर वनरक्षक उभा नसतो.

कुसळ

हे थोडे अति होते. खणणाऱ्यांना जागा आपल्याआधी माहीत असतात, ते धागे वाचून येत नाहीत. जागा लपवून ठेवायच्या आणि मुलांनी निसर्ग पाहावा असेही म्हणायचे, हे जमायचे कसे? मग हा धागा तरी कशाला?

बालाघाटी

जागेचा प्रकार सांगावा, ठिकाण सांगू नये. झुडपांच्या कडेला, जिथे दुपारनंतर सावली येते आणि पाणी साचत नाही, तिथे ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाहा, एवढे सांगितले की शोधणारा शोधतो. खुणेवर थेट जाऊन पोहोचणारा एक फूल पाहतो. शोधत जाणारा वाटेत आणखी बरेच काही पाहतो.

कुसळ

बरे. पण मुसळीपुरतेच. पळस-पांगाऱ्याचा पत्ता सांगायला हरकत नसावी, ते कोणी खिशात घालून नेणार नाही.

रानमेवा

कुसळ यांच्याशी मी सहमत आहे, आणि त्यात भर घालतो. पाटोद्याजवळच्या नायगाव मयूर अभयारण्याच्या परिसरात आणि सौताड्याच्या दरीत खुशाल जावे. सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते, तिथे कड्याच्या दोन्ही अंगांना सातमाळा यांनी सांगितलेल्या पायऱ्या इतक्या स्वच्छ दिसतात की चित्र काढावे. आणि हो, वाटेत सीताफळ मिळाले तर खावे, मूळ गाव विचारू नये.

पैनगंगा

अधिक अभ्यास करावासा वाटला, तर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एन. नाईक यांनी या प्रदेशातील वनस्पतींची शास्त्रीय नोंद सिद्ध केली आहे, ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात चाळावी. एखाद्या झाडाला गावात वेगळे नाव आणि ॲपवर वेगळे नाव, असे झाले की तिचा उपयोग होतो. नवशिक्याने मात्र पुस्तकापेक्षा शेळ्या राखणाऱ्या आजीला आधी विचारावे. कोणते झाड शेळी खाते आणि कोणते खात नाही, इथूनच तिची ओळख सुरू होते, आणि ती क्वचितच चुकते.

कोरडवाहू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता असे ठरवले आहे, की ऑगस्टच्या अखेरीस वेरूळ-म्हैसमाळ वाटेवर फुलांसाठी जायचे आणि महाशिवरात्रीच्या आसपास गौताळ्यात झाडांसाठी. मधल्या काळात, म्हणजे दिवाळीनंतर, गवत पाहण्यासारखे असते का?

सातमाळा

असते, आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. कार्तिकात पठारावर पवन्या, मारवेल आणि रोशा पिकून पिवळे-तांबूस होतात. रोशाचे पाते चुरगाळले की हाताला सुगंध राहतो, त्याच्यापासून तेल काढतात. कुसळी गवतही तेव्हाच पिकते. तिच्या बियांची लांब शेपटे एकमेकांत गुंतून दोरखंड होतात आणि ओल लागताच पीळ खात बी जमिनीत रुतते. मुलांनी चार बिया ओल्या रुमालावर ठेवून पाहिल्या तर त्या डोळ्यांदेखत फिरतात.

गौताळ्यात शिरताना वन विभागाच्या नाक्यावर नोंद करावी लागते आणि अंधार पडण्याआधी बाहेर यावे लागते. फाल्गुनानंतर वणव्याचा काळ असतो, तेव्हा डब्याबरोबर काडेपेटी, स्टोव्ह असे काही नेऊ नका. आणि दिवाळीनंतर गेलात तर मुलांना लोकरी किंवा जाड सुती पायमोजे घालू नका, कुसळ विणीत शिरली की मोजा फेकावाच लागतो.